वेगाची हौस आणि वेगाची तयारी



या व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा मी कामगार कायद्यांवर, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती रास्तही होती. गेली तीस वर्षे मी दुसऱ्या कशावर बोललेलो नाही. मी त्यांना विषय सांगितला तो असा: जुनी स्पोर्ट्स मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर नेण्यासाठी नवख्या माणसाने कशी तयार करावी. चिटणीस काही वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, आपल्या गावात अशी मोटार आहे तरी किती जणांकडे?" मी म्हणालो, "मोटार एकाकडे आहे, पण तो रोग शंभर जणांना आहे. आणि बाह्यवळणावर पहाटे जे चालते ते तुम्हांला माझ्याहून जास्त माहीत आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत. म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

मी विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण प्रेसशॉपमध्ये झाले आणि उरलेले युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने दिले. तेव्हा माझ्या बोलण्यात इंजिनियराची सफाई नसेल. पण लोखंड तापले म्हणजे काय होते, आणि माणूस घाईत असला म्हणजे काय होते, या दोन गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत. आजच्या विषयाला एवढी पुंजी पुरेल असे मला वाटते.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला वेगाची ओळख करून द्यावी लागत नाही. पौष पौर्णिमेला थापलिंगाच्या यात्रेत घाटाच्या कडेला उभे राहून ज्याने बारी पाहिली आहे, त्याच्या अंगात तो वेग भिनलेला असतो. पुढे घोडी, मागे बैल, भंडाऱ्याची पिवळी धूळ, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर! त्या दहा-बारा सेकंदांसाठी आपला शेतकरी वर्षभर काय करतो? बैलाला रोज चालवतो, पोहायला नेतो, घरच्या पोरांना मिळत नाही ते दूध त्याला पाजतो, खूर तपासतो, गाड्याचा दांडा न् दांडा ठोकून पाहतो. तयारी वर्षाची आणि धाव क्षणाची, हे गणित आपल्याला आजोबांपासून ठाऊक आहे.

मधल्या काळात हे घाट ओस पडले होते, हेही आपण पाहिले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि बैलांच्या शर्यतींना बंदी झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. पण हौस परत मिळाली ती नियमांसकट मिळाली. बैलाची वैद्यकीय तपासणी आली, काठी-चाबकाला मनाई आली, अंतराला मर्यादा आली. काही मंडळींना हे नियम जाचक वाटतात. माझे मत उलटे आहे. नियमांत बसली म्हणूनच ती हौस जगली. हे सूत्र लक्षात ठेवा, कारण मोटारीच्या हौसेलाही मी तेच लावणार आहे.

आता मोटारीकडे येतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला जो भाव आला, तो नारायणगावच्या बाजारात ज्याने पाहिला तो जन्मभर विसरणार नाही. माझ्या भाच्याचे दोन एकर टोमॅटो नेमके त्या महिन्यात तोडणीला आले. बहिणीला वाटले, आता घरावर स्लॅब पडेल. स्लॅब पडलाही, पण उरलेल्या पैशांत या चिरंजीवांनी मुंबईहून एक जुनी मोटार आणली. दोन दारांची, बुटकी, मागे उतरत्या टपाची, चौदा-पंधरा वर्षे वापरलेली. अशा मोटारीला कूपे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'कापलेली'. पूर्वी घोड्याच्या बग्गीचा अर्धा भाग कापून दोघांपुरती गाडी करीत, तिचे हे नाव. माझ्या बहिणीने ती पाहिली आणि एवढेच म्हणाली, "दादा, हिच्यात खत किती पोती बसेल?"

एके पहाटे मला कळले की हा गडी पुणे-नाशिक रस्त्यावर या मोटारीचा वेग मोजत असतो. मी त्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, "मामा, पहाटे रस्त्यावर कोणी नसतं." मी म्हणालो, "अरे, दुधाची गाडी असते, भाजीचा टेम्पो असतो, उसाची बिनदिव्याची ट्रॉली असते, आणि शाखेच्या नाहीतर भरतीच्या तयारीला धावणारी पोरं असतात. त्यांना तू कोणी धरत नाहीस काय?" तो गप्प बसला. मग मी त्याच्याशी करार केला. करार करणे हा माझा धंदाच आहे. त्याने रस्त्यावर वेग करायचा नाही. त्याबदल्यात मी त्याच्याबरोबर ट्रॅकवर येईन. पण तयारी माझ्या क्रमाने होईल. त्याने मान्य केले.

ट्रॅकचा दिवस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ही शर्यत नसते. ट्रॅकची मालक मंडळी किंवा एखादा क्लब ठरलेल्या दिवशी पैसे घेऊन हौशी माणसांना स्वतःची मोटार बंद रस्त्यावर पळवू देतात. समोरून वाहन येत नाही, गुरे नाहीत, फाटे नाहीत; वळणाबाहेर मोकळी जागा ठेवलेली असते; रुग्णवाहिका उभी असते; निशाणे घेऊन माणसे उभी असतात. पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात. बक्षीस नसते. ज्याने त्याने आपल्याच कालच्या वेळेशी झगडायचे.

आपल्या देशात ही गोष्ट काही कालची नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातल्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. तिथला मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. १९९० मध्ये त्याच भागात इरुंगट्टुकोट्टै येथे कायमचा ट्रॅक झाला. कोइमतूरला करिवर्धन नावाच्या गुणी माणसाच्या स्मरणार्थ करी मोटर स्पीडवे उभा आहे, आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला पाच किलोमीटरांहून लांबीचा बुद्ध सर्किट झाला. आपल्या कोल्हापूरजवळ लहान कार्ट-गाड्यांचा ट्रॅक आहे. नवख्याने खरे तर तिथूनच सुरुवात करावी, खर्चही थोडा आणि शिक्षणही चोख. आणि शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला, ज्या पोलो मोटारी आपल्याच पोरांच्या हातांनी बनत होत्या, त्यांची शर्यतमालिका २०१० मध्ये भारतात सुरू झाली. म्हणजे मोटार बनवणारे हात आपले आणि पळवणारे दुसरे, असे बरेच दिवस चालले. आता आपल्यालाही पळवायची असेल तर माझी ना नाही. फक्त क्रम चुकू नये.

भाच्याचा क्रम असा होता: आधी मोठा आवाज करणारा सायलेन्सर, मग इंजिनाची ताकद वाढवणारी चिप, मग रुंद चकचकीत चाके. मी विचारले, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" त्याला माहीत नव्हते. विकणाऱ्यालाही माहीत नव्हते. माझ्या दृष्टीने व्याख्यान इथेच सुरू होते.

थोडा हिशेब करू. तेराशे किलोची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत आहे. तिच्यात साठलेली शक्ती सुमारे पाच लाख जूल भरते. जूल म्हणजे काय हे सोडून द्या. एवढे ध्यानात घ्या की तेवढ्या उष्णतेने दीड लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे पंधरा कप चहाचे आधण! ब्रेक दाबला की ही सारी शक्ती चार चाकांतल्या लोखंडी तबकड्यांत उष्णता होऊन उतरते. वेग १०० ऐवजी १४० केला, तर वेग वाढला दीडपटीहून कमी, पण उष्णता होते दुप्पट. कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. रस्त्यावर आपण असा कडक ब्रेक महिन्यातून एकदा मारतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत पाच-सहा वेळा मारतो आणि फेरी दोन मिनिटांत संपते. एका पाळीत अख्ख्या वऱ्हाडाच्या चहाचे आधण त्या तबकड्यांवर तापते, हे विसरू नका.

आता ब्रेक ऑइलचा दोष सांगतो. नावाला ऑइल असले तरी हे तेल नव्हे. ते हवेतले पाणी शोषते, जसे पावसाळ्यात उघड्या बरणीतले मीठ शोषते. डॉट फोर जातीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून तुम्ही पायाने पेडल दाबता, ते तळापर्यंत जाते, आणि मोटार थांबत नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षे हा दोष कळतही नाही. ट्रॅकवर तो तिसऱ्या फेरीत कळतो, आणि कळतो तो नेमका वळणाच्या तोंडाशी. भाच्याच्या मोटारीतले ऑइल आम्ही काढले तेव्हा ते उसाच्या काकवीसारखे काळे निघाले. ते सबंध बदलून, नळ्यांतली हवा काढून नवे डॉट फोर भरले. मोठ्या सायलेन्सरच्या तुलनेत खर्च म्हणाल तर चहापाण्याचा.

त्यापाठोपाठ ब्रेकचे पॅड आणि तबकड्या. पॅड अर्धे झिजले असतील तर ट्रॅकला जाण्यापूर्वी बदला. अर्धा पॅड रस्त्यावर वर्ष काढील, ट्रॅकवर दिवस काढीलच असे नाही. तबकडीवर चीर दिसली तर ती तबकडी भंगारात. ब्रेकच्या रबरी नळ्या वाकवून पाहा. भेगा दिसल्या की नव्या घाला.

मग टायर. भाचा म्हणाला, "टायर नवे आहेत, खाच बघा केवढी खोल आहे." मी खाच पाहिली नाही, टायरच्या बगलेवरचे चार आकडे पाहिले. तिथे '२३१९' असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आमचे टायर आठ वर्षांचे निघाले. रबर न वापरताही म्हातारे होते. द्राक्षाचा घड वेलीवर तसाच ठेवला तर मनुका होतो, तसे ते आतून सुकते, कडक होते, आणि पकड सोडते. पाच-सहा वर्षांपुढचा टायर ट्रॅकवर नेऊ नये, खाच कितीही खोल असो. हवा मोटारीच्या दारावर लिहिलेल्या मापाने थंड असताना भरावी. टायर तापला की दाब चढतो, म्हणून प्रत्येक पाळीनंतर मोजावा आणि चढलेला तेवढा उतरवावा. संध्याकाळी परतण्यापूर्वी पुन्हा भरायला मात्र विसरू नये. चाकांचे नट पायाने पाना दाबून आवळू नका. मापाचा टॉर्क पाना आणा आणि कंपनीने दिलेल्या मापाला आवळा. पहिल्या पाळीनंतर चाके निवली की पुन्हा तपासा.

मोटार जॅकवर घ्या, पण नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. मग चाक वर-खाली धरून हलवा, आडवे धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचा सांधा सैल झाला आहे. जुन्या मोटारीत रबरी बुश फाटलेले असतातच. शॉकअप्सरवर तेल पाझरलेले दिसले तर त्याचा दम संपला आहे. ही कामे दिसत नाहीत, म्हणून कोणी करत नाही. बाहेरून कोणाला दाखवता येत नाहीत ना!

इंजिनाचे दोनच शब्द सांगतो. एक, तेल. ताजे तेल भरा आणि पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा, वर नाही आणि खाली नाही. लांब वळणात इंजिनाच्या खालच्या भांड्यातले तेल एका बाजूला कलते, जसे डोईवरच्या हंड्यातले पाणी कलते. तेल कमी असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि काही क्षणांत इंजिनाचे बेअरिंग जळते. दोन, पाणी. रेडिएटर, त्याचे झाकण, पंखा आणि रबरी पाईप तपासा. पाईप हाताने दाबला असता कडक किंवा लिबलिबीत लागला तर बदला. चालवताना काटा वर चढू लागला तर हट्ट करू नका, बाहेर या, आणि तापलेले झाकण उघडू नका.

सायलेन्सर, चिप आणि चकचकीत चाके कुठे गेली, असे भाच्यानेही विचारले. ती शेवटच्या पानावर गेली आणि तिथेच राहिली. नवख्या माणसाला मोटारीची आहे ती ताकदच जास्त होते. शिवाय नोंदणीत लिहिलेल्या बनावटीत परस्पर बदल करणे मोटार वाहन कायद्याला चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. तुम्हांला त्याच मोटारीने घरी यायचे आहे.

कागदपत्रांचे एक सांगतो, कारण मला छोट्या अक्षरांतला मजकूर वाचायची सवय आहे. आपल्या मोटारीच्या विम्याचा कागद काढून वाचा. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर मोटारीचे जे होईल ते तुमच्या खिशातून. म्हणून असे म्हणा की जी मोटार मोडली तर घर अडचणीत येईल, ती मोटार ट्रॅकवर नेऊ नये. ज्याने कर्ज काढून मोटार घेतली आहे त्याने आधी कर्ज फेडावे.

आता चालवणारा. टायर जमिनीला टेकतो ती जागा साधारण तळहाताएवढी. चार चाकांचे चार तळहात, एवढीच आपली पकड. तीतूनच थांबायचे आणि तीतूनच वळायचे. कामगाराला हे लवकर समजते: पगार एकच, त्यातून किराणाही आणायचा आणि लग्नही करायचे. दोन्ही एकदम करायला गेले की कर्ज होते. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर पुरा करावा, मग वळावे, आणि वळण उलगडले की हळूहळू वेग द्यावा. नजर बॉनेटवर नसावी, पुढच्या वळणाकडे असावी. मोटारीत चाक घसरू न देणारी जी यंत्रणा आहे ती बंद करू नये. पोरे ती मर्दानगी म्हणून बंद करतात. शिकवणारा शेजारी बसायला तयार असेल तर त्याला बसवावे आणि त्याचे ऐकावे. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, ओलांडू नका. निळे म्हणजे मागून वेगवान मोटार येत आहे. लाल म्हणजे पाळी थांबली, सावकाश परत या. काळे तुम्हांला दाखवले तर बाहेर या. आयोजक सांगतील तसले हेल्मेट घाला. अंगात सुती कपडे असू द्या, नायलॉन आगीत कातडीला चिकटते. पाळीची शेवटची फेरी हळू, ब्रेक जवळजवळ न वापरता काढा, म्हणजे तबकड्या निवतील. आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या तबकडीला पॅड चिकटतो. आपले ट्रकवाले लावतात तसा चाकाला दगड लावा.

एवढी तयारी करायला आम्हांला तीन महिने लागले. मग मोटार ट्रकवर चढवून दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलो. आणि आता मला माझी स्वतःची एक चूक आपल्यापुढे कबूल करायची आहे.

पहाटे अंधारात मी शेवटची तपासणी केली. सगळे ठाकठीक होते. पायाखालची चटई काढली होती, कप्पे रिकामे केले होते. कारण मोटारीत सुटी वस्तू ठेवू नये, ब्रेक मारला की ती पुढे येते, हे मीच भाच्याला दहा वेळा बजावले होते. दुसऱ्या पाळीत तो तिसऱ्या फेरीला होता. मी कठड्याशी उभा होतो. मोटार वळणापाशी आली, वळली नाही, सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गेली, आणि धुळीच्या लोटात थांबली. माझे पाय गळाले. तो बाहेर आला, हात हलवला. पेडलाखाली काहीतरी अडकले होते. त्याने पाय वर घेतला, लाथेने ते बाजूला सारले आणि पुन्हा दाबले, तोवर वळण गेले होते. ते काहीतरी म्हणजे एक बॅटरी होती. माझी बॅटरी. पहाटे सीटखाली पाहताना मी ती तिथेच विसरलो होतो.

भाचा मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. हीच गोष्ट बाह्यवळणावर घडली असती तर समोर दुधाची गाडी असती.

मंडळी, त्या दिवशी तिथे बसून मला वीस वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. मी ज्या कारखान्यात संघटनेचे काम पाहत होतो तिथे पॉवरप्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येत नसे, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्न नव्हता. फिरत्या आणि घातक यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्याने केली होती. दोन बटणे हेही एक कुंपणच. मग उत्पादनवाढीवर बोनसचा करार झाला. कामगार खूश, व्यवस्थापन खूश. काही महिन्यांत पोरांनी एक बटण चिंधीने बांधून ठेवायला सुरुवात केली, कारण एक हात मोकळा राहिला की नग जास्त निघतात. सर्वांना दिसत होते. मलाही दिसत होते. आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका पोराची उजव्या हाताची चार बोटे त्या प्रेसने नेली. नुकसानभरपाईसाठी मी पुष्कळ भांडलो, मिळवूनही दिली. पण बोनसच्या त्या करारावर कामगारांच्या वतीने माझी सही होती, आणि करारात वेग कसा वाढवायचा याची तीन पाने होती. वेग वाढल्यावर हात कसा वाचवायचा याची एक ओळ नव्हती. ती ओळ मागायचे मला सुचले नव्हते.

म्हणून मी हा विषय घेतला. हौशी पोर असो की कारखान्याचा मालक असो, की माझ्यासारखा पुढारी असो, वेग मागताना आपण सारे एकाच प्रकारे चुकतो. आधी वेग आणतो आणि थांबण्याची सोय मागाहून करू म्हणतो. आणि दुसरी चूक अशी, की ज्याने काम केले त्यालाच तपासायला सांगतो. माझी बॅटरी मला दिसली नाही, कारण ती माझी होती. त्या दिवशी दुपारी आम्ही एका कागदावर यादी लिहिली: ऑइल, पॅड, टायर, नट, तेल, पाणी, पट्टा, सुट्या वस्तू. मी तपासायचे आणि भाच्याने खूण करायची. त्याने तपासायचे आणि मी खूण करायची. उरलेल्या दोन पाळ्या निर्वेध पार पडल्या. दिवसअखेर तो सर्वांत हळू चालवणाऱ्यांत होता. पण सकाळच्या त्याच्याच वेळेपेक्षा बराच पुढे गेला होता, आणि मोटार स्वतःच्या चाकांवर ट्रकवर चढली. घरी येताना मी विचारले, "आता रस्त्यावर?" तो म्हणाला, "मामा, रस्त्यावर आता भीती वाटते. तिथं निशाण घेऊन कोणीच उभं नसतं." ही भीती मला फार मोलाची वाटली.

शेवटी एक विनंती करून आपली रजा घेतो. आपल्या बैलगाड्याला ब्रेक नसतो. मग आपला घाट चढाचा का असतो, याचा विचार कधी केला आहे काय? मला तर वाटते, ज्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी पहिल्यांदा ती जागा निवडली, त्यांनी बैलांना पळवण्याआधी त्यांना थांबवायचे कसे ते ठरवले. बारी संपते आणि चढच बैलांना आवरतो. आपल्या तरुण मुलांच्या हाती आज मोटारी आल्या आहेत, मोटारसायकली आल्या आहेत, भाव लागला की पैसाही येतो. त्यांना वेग नको असे सांगून ती ऐकणार नाहीत, मीही ऐकले नसते. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे; पण दंडाने हौस मरत नाही. त्यांना सांगा की हौसेची जागा ट्रॅक आहे, तिथे जा, आणि जाण्यापूर्वी आधी ब्रेक ऑइल बदला. यात्रेच्या दिवशी घाटात बैलाचा खूर तपासणारी जी जाणती माणसे या सभागृहात बसली आहेत, त्यांनी या वर्षी घरातल्या पोराच्या मोटारसायकलीचा मागचा ब्रेकही एकदा दाबून पाहावा. एवढे झाले तरी माझे आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.